“फोटो एडिट केलाय म्हणे!” : फॉरवर्ड करण्याआधीची पाच मिनिटं

एसटीच्या खिडकीत बसून ऐकत असाल, कॉलेजच्या कट्ट्यावर एक इयरफोन तुझा एक माझा करून ऐकत असाल, नाहीतर नाईट शिफ्ट संपवून घरी निघाला असाल, सगळ्यांचं स्वागत. मी बोलतोय मलकापूरहून. आता हे सांगावं लागतं, कारण महाराष्ट्रात मलकापूर नावाची किमान तीन गावं आहेत. एक बुलढाण्याचं, एक कराडजवळचं आणि एक आपलं, शाहूवाडी तालुक्यातलं, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचं. ‘मलकापुरात राडा’ असं लिहिलेला फोटो आला तर पहिला प्रश्न ‘खरा का खोटा’ हा नाहीच. पहिला प्रश्न, ‘कुठलं मलकापूर?’ हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मी बीटेक करून सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळे गावातल्या कुठल्याही ग्रुपवर एखाद्या नेत्याचा, नटाचा, खेळाडूचा वादग्रस्त फोटो पडला की दहा मिनिटांत मला मेसेज येतो, “भावा, हे खरं हाय का एडिट?” लोकांना वाटतं इंजिनिअर म्हणजे फोटोकडे बघूनच सांगणार. आज मी तेच बोलणार आहे, की नुसतं बघून सांगता येत नाही. मलाही नाही आणि तुम्हालाही नाही. तरीही शोधून काढता येतं, आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत.

सुरुवात कुस्तीपासून करू, कारण कोल्हापूर जिल्ह्यात कुस्तीचा विषय कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २८ मे २०२३. दिल्लीत नव्या संसद भवनाचं उद्घाटन होतं. त्याच दिवशी जंतरमंतरवर आंदोलन करणारे पैलवान संसदेकडे मोर्चा घेऊन निघाले आणि पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. पोलिसांच्या गाडीत बसलेला एक सेल्फी बाहेर आला. त्यात विनेश फोगाट होती, संगीता फोगाट होती. थोड्याच वेळात तोच सेल्फी पुन्हा फिरायला लागला, पण आता त्यात दोघी मस्त हसत होत्या. खाली मजकूर काय? ‘बघा, रस्त्यावर रडण्याचं नाटक आणि गाडीत बसल्यावर हसू.’

बजरंग पुनियाने लगेच सांगितलं की हा फोटो खोटा आहे. फॅक्ट-चेक करणाऱ्यांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. मूळ फोटोत कुणीही हसत नव्हतं. हसऱ्या फोटोत गालांवर खळ्या दिसत होत्या, दातांची ठेवण वेगळी होती. मग त्यांनी मूळ फोटो फेसअ‍ॅपसारख्या साध्या अ‍ॅपमध्ये घालून बघितला, तर जवळपास तसंच हसू तयार झालं. म्हणजे कुणी मोठा हॅकर नव्हता. तुमच्या-माझ्या फोनवर मिळणारं फिल्टर होतं.

आता बदल किती होता बघा. गाडी तीच, माणसं तीच, कपडे तेच. फक्त ओठ बदलले. फोटोचा फार थोडा भाग बदलला आणि अर्थ शंभर टक्के उलटा झाला. म्हणून ‘फोटोत बाकी सगळं खरं दिसतंय’ या वाक्याला काही किंमत नसते. खोटं बोलणारा माणूससुद्धा बाकी सगळं खरंच सांगतो, एवढीशी गोष्ट बदलतो.

“त्यात काय एवढं, फोटोच आहे की,” असं म्हणणारेही असतात. त्यांच्यासाठी आपल्याच राज्यातली गोष्ट सांगतो. २०१४ च्या मे महिन्याच्या शेवटी फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारे मॉर्फ केलेले फोटो टाकले गेले. पुण्यात तणाव पसरला, दगडफेक झाली, बस फोडल्या गेल्या. २ जूनच्या रात्री हडपसरमध्ये जमावाने एका तरुणाला मारून टाकलं. तो मूळचा सोलापूरचा, विशीतला, पुण्यात आयटीमध्ये नोकरी करणारा. नमाज पढून परत येत होता. त्या फोटोंशी त्याचा काहीही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने त्या खटल्यातल्या सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. म्हणजे फोटो कुणीतरी बनवला, राग कुणालातरी आला, जीव तिसऱ्याचाच गेला, आणि न्यायालयात कुणावरही गुन्हा सिद्ध झाला नाही.

मी ही बातमी अनेकदा वाचली आहे. दरवेळी एकच गोष्ट टोचते. तोही माझ्यासारखाच लॅपटॉपवर काम करून घरी पैसे पाठवणारा मुलगा होता.

कोल्हापूरकरांना तर ७ जून २०२३ आठवत असेलच. काही जणांच्या स्टेटसवरून वातावरण तापलं, बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार, अश्रुधूर झाला आणि इंटरनेट बंद केलं गेलं. तिथे मुद्दा एडिट केलेल्या फोटोचा नव्हता, स्टेटसचा होता. पण फोनच्या स्क्रीनवरून रस्त्यावर यायला किती तास लागतात, हे आपण तेव्हा बघितलं आहे. जिथे सगळं आधीच तापलेलं असतं तिथे एक बनावट फोटो पुरेसा होतो.

ठीक आहे, आता कामाचं बोलू. कुणी म्हणालं ‘फोटो फेक आहे’, तर त्याचे तीन वेगवेगळे अर्थ असू शकतात आणि आपण ते एकत्र करून टाकतो.

एक, फोटोच बदललेला असतो. फोगाट भगिनींचा तसा होता. महात्मा गांधींचा एक फोटो वर्षानुवर्षं फिरतोय, त्यात ते एका परदेशी बाईच्या अगदी जवळ बसून हसताना दिसतात. मूळ फोटो मुंबईतला आहे. ६ जुलै १९४६, काँग्रेस महासमितीची बैठक. गांधीजींच्या शेजारी बसून हसणारी व्यक्ती म्हणजे पंडित नेहरू. फोटो काढणारे होते असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे मॅक्स डेस्फर, ज्यांना पुढे कोरियन युद्धातल्या फोटोसाठी पुलित्झर पुरस्कार मिळाला. कुणीतरी नेहरूंना काढलं, तिथे बाई बसवली. झालं.

दोन, फोटो खरा असतो, गोष्ट खोटी असते. २०१७ मध्ये नेहरूंच्या फोटोंचा एक कोलाज फिरला, ‘बघा यांचे चाळे’ अशा सुरात. त्यातल्या एका फोटोत नेहरू एका स्त्रीला मिठी मारताना दिसतात. ती स्त्री म्हणजे त्यांची सख्खी बहीण विजयालक्ष्मी पंडित! याच बाई पुढे १९६२ ते १९६४ महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. या फोटोत एकही पिक्सेल बदललेला नाही. जगातलं कुठलंही एआय ओळखणारं सॉफ्टवेअर त्याला ‘अस्सल’ म्हणेल. तरी तो फॉरवर्ड खोटाच. भावा-बहिणीच्या मिठीला ‘लफडं’ म्हणणं हे एडिटिंग नाही तर काय आहे? फक्त ते फोटोत नाही, फोटोखालच्या ओळीत केलंय. आपलं ते तीन मलकापूरवालं प्रकरणही यातच येतं.

आणि तीन, फोटो खरा असतो, गोष्टही खरी असते आणि तरी लोक म्हणतात ‘एडिट केलाय’. याच्यावर थोड्या वेळाने येतो. मला स्वतःला आज सगळ्यात जास्त काळजी याची वाटते.

आता शोधायचं कसं? सगळ्यात महत्त्वाचं आधी. फोटोकडे भिंग लावून बघत बसू नका. बोटं सहा आहेत का, सावली कुठे पडली, कानातलं गायब आहे का, हे सगळं दोन-तीन वर्षांपूर्वी चालायचं. आताची साधनं बोटं बरोबर काढतात. फोटोच्या आत बघण्यापेक्षा फोटोच्या मागे जा. तो आला कुठून? पहिल्यांदा कुठे दिसला?

हे काही नवीन शास्त्र नाही बरं का. आपले इतिहासकार वा. सी. बेंद्रे यांचं नाव ऐकलं असेल. एकेकाळी दुसऱ्याच माणसाचं चित्र शिवाजी महाराजांचं म्हणून छापलं जात होतं. बेंद्र्यांनी जुनी कागदपत्रं धुंडाळली, चित्र कुणी, कुणासाठी काढलं याचा माग काढला आणि महाराजांचं अस्सल चित्र लोकांसमोर आणलं. ना गुगल, ना इंटरनेट. त्यांनी केलं ते आजच्या भाषेत रिव्हर्स इमेज सर्चच. फक्त त्याला वर्षं लागली, आपल्याला मिनिटं लागतात.

करायचं काय, तर फोटो सेव्ह करा किंवा स्क्रीनशॉट घ्या आणि गुगल लेन्समध्ये टाका. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ते आधीपासूनच असतं. आजूबाजूचा मजकूर कापून फक्त फोटोचा भाग निवडा, कारण नाहीतर ते वरच्या ओळीच शोधत बसतं. मग निकालात जुन्यात जुना फोटो शोधा. टिनआयसारख्या साइटवर तर सर्वात जुना आधी दाखव असा पर्यायच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये सारा तेंडुलकर आणि शुभमन गिल यांचा एकत्र फोटो फिरला होता. मूळ फोटो सारानेच आधी इन्स्टाग्रामवर टाकलेला होता, भाऊ अर्जुनच्या वाढदिवसाचा. अर्जुनच्या चेहऱ्यावर गिलचा चेहरा चिकटवला होता. मूळ फोटो सापडला की वाद संपला. ‘मला वाटतं’, ‘तुला वाटतं’ काही उरतच नाही.

मूळ फोटो नाही सापडला तर? मग घटना शोधा. मोठ्या माणसाने जाहीर ठिकाणी काही केलं असेल तर त्याचा एकच फोटो असू शकत नाही. सभेत चाळीस कॅमेरे असतात, चारशे मोबाईल असतात. दुसऱ्या बाजूने काढलेला फोटो कुठे आहे? त्या दिवशीची बातमी कुठे आहे? ‘मीडिया दाखवणार नाही’ असं खाली लिहिलं असेल तर दुप्पट सावध व्हा. ते वाक्य तुम्ही शोधूच नये म्हणून लिहिलेलं असतं.

आता एक गोष्ट इंजिनिअर म्हणून सांगतो. बरेच जण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो उचलून कुठल्यातरी ‘एआय डिटेक्टर’ साइटवर टाकतात. ती सांगते ‘८७ टक्के एआय’, आणि लगेच स्क्रीनशॉट ग्रुपवर. असं करू नका. का ते ऐका. आपला जेपेग फोटो हा आठ बाय आठ पिक्सेलच्या छोट्या चौकोनांत तोडून साठवलेला असतो. डोळ्याला जाणवणार नाही असा बारीक तपशील त्यात फेकून दिला जातो, म्हणून फाइल लहान होते. व्हॉट्सअ‍ॅप पाठवताना तो आणखी आवळतं. त्यात दर वेळचा स्क्रीनशॉट धरा. एडिटिंगच्या ज्या बारीक खुणा डिटेक्टर शोधतो, त्याच या धुलाईत निघून जातात. फोटो कधी, कुठल्या कॅमेऱ्याने काढला ही आतली माहितीसुद्धा व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकतं. म्हणजे दहा वेळा झेरॉक्सची झेरॉक्स काढलेल्या कागदावरची सही तपासायला देण्यासारखं आहे. म्हणून शक्य असेल तर पाठवणाऱ्याला सांगा, ‘तुझ्याकडे मूळ फोटो असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव.’ मूळ फोटो कधीच कुणाकडे नसतो, हेही एक उत्तरच आहे.

काही कंपन्या आता फोटोवर शिक्के मारू लागल्यात. गुगलच्या एआयने बनवलेल्या चित्रांत सिंथआयडी नावाची न दिसणारी खूण असते. २०२१ मध्ये अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी वगैरेंनी मिळून फोटोचा जन्मदाखला सोबत ठेवायची एक पद्धत सुरू केली. चांगलं आहे. पण शिक्का सापडला तर काहीतरी सिद्ध होतं. शिक्का नाही सापडला तर काहीच सिद्ध होत नाही. खोटं बनवणारा शिक्का मारणारं साधन कशाला वापरेल?

आता त्या तिसऱ्या प्रकाराकडे येऊ. खऱ्याला खोटं म्हणणं.

१० मार्च २०२४. इंग्लंडची राजवधू केट हिचा मुलांबरोबरचा फोटो राजघराण्याने प्रसिद्ध केला. ती बरेच दिवस लोकांना दिसली नव्हती. लोकांच्या लक्षात आलं की मुलीच्या बाहीचा काठ तुटलेला दिसतोय, कुठे कडा जुळत नाहीत. एपी, रॉयटर्स, एएफपी, गेटी या मोठ्या संस्थांनी तो फोटो मागे घेतला. दुसऱ्या दिवशी केटच्या नावाने खुलासा आला की हौशी फोटोग्राफर करतात तसं एडिटिंग मी करून बघते, गोंधळाबद्दल क्षमस्व. इथपर्यंत फॅक्ट-चेक बरोबरच होतं. फोटोत खरंच बदल केला होता.

पण अफवा तिथे थांबल्या नाहीत. २२ मार्चला केटने व्हिडिओवर स्वतः सांगितलं की तिला कर्करोग झालाय, उपचार चालू आहेत. तो व्हिडिओ बीबीसीच्या लोकांनी चित्रित केला होता. तरी हजारो लोक म्हणत होते, ‘हा पण एआय आहे, बघा अंगठी गायब झाली.’ एक आजारी बाई कॅमेऱ्यासमोर बसून आपला आजार सांगते आहे आणि लोक तिच्या बोटाकडे झूम करतायत. लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली. त्यात चूक ओरडणाऱ्या पोराची होती. इथे मात्र गावकऱ्यांनीच ठरवलंय की आता लांडगा समोर दिसला तरी म्हणायचं, ‘एडिट आहे.’

आणि याचा फायदा कुणाला होतो? ज्याचा खरा फोटो बाहेर आलाय त्याला. उद्या एखादा मोठा माणूस खरोखर पैसे घेताना कॅमेऱ्यात सापडला, तर तो म्हणणार, ‘हे विरोधकांनी एआयने बनवलंय.’ आणि आपण ‘असेल बाबा, हल्ली काही सांगता येत नाही’ म्हणून गप्प बसणार. म्हणून माझा नियम सोपा आहे. ‘हा फोटो खरा आहे’ हा जसा दावा आहे, तसा ‘हा फोटो फेक आहे’ हाही दावाच आहे. दोघांनाही पुरावा लागतो. आपल्या आवडत्या नेत्याविरुद्धचा फोटो आला की लगेच फेक, आणि नावडत्याचा आला की लगेच खरा, याला फॅक्ट-चेक म्हणत नाहीत. त्याला पक्षाचा प्रचार म्हणतात, आणि तोही फुकटात.

मग खरं-खोटं ठरवायचं कुणी? सरकारने? २०२३ मध्ये केंद्र सरकारने नियम बदलून आपल्या कारभाराबद्दलची माहिती खोटी आहे की नाही हे ठरवणारा स्वतःचा फॅक्ट-चेक विभाग आणायचं ठरवलं. कुणाल कामरा आणि काही माध्यम संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींचं मत वेगवेगळं पडलं. मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी तो नियम घटनाबाह्य असल्याचं सांगितलं. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्यालाच पंच करता येत नाही, असं मी आपलं कुस्तीच्या भाषेत समजून घेतो.

स्वतंत्र फॅक्ट-चेक करणाऱ्या संस्था आहेत आणि चांगलं काम करतात. मार्च २०२४ मध्ये त्यांच्या एका गटाने डीपफेक तपासण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप हेल्पलाइन सुरू केली. सुरुवातीला भाषा होत्या इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू. मराठी नव्हती. आणि समजा असती, तरी शाहूवाडीच्या सरपंचाचा, आपल्या नगरसेवकाचा, इथल्या एखाद्या महाराजांचा किंवा मौलवींचा बनावट फोटो दिल्ली-मुंबईतलं कुणी कधी तपासणार? तो तपासेल तर आपल्यापैकीच कुणीतरी. त्या माणसाला ओळखणारा, ते देऊळ, तो चौक, तो बॅनर कधीचा हे माहीत असणारा. गावातल्या फोटोबाबत तुम्ही कुठल्याही तज्ज्ञापेक्षा हुशार आहात. ‘मागच्या गणपतीतला बॅनर आहे हा’ हे एक वाक्य एखादी रात्र वाचवू शकतं.

आता शेवटचं आणि सगळ्यात अवघड काम, ग्रुपवर बोलायचं कसं. काकांनी फोटो टाकलाय. तुम्ही लिहिता, ‘काका काहीही फेक टाकू नका.’ काकांचा अपमान होतो, चार जण काकांच्या बाजूने उभे राहतात आणि फोटो आणखी पसरतो. त्यापेक्षा आधी वैयक्तिक मेसेज करा. ‘काका, तुम्ही टाकलेल्या फोटोचा मूळ फोटो मला सापडला, खाली पाठवतोय. तुम्हीच ग्रुपवर टाकलात तर लोक ऐकतील.’ बहुतेक काका टाकतात. माणसाला मान द्या, फोटोला देऊ नका. आणि खोटा फोटो परत पाठवायचाच असेल तर त्यावर मोठी लाल फुली मारून पाठवा, नाहीतर तुमचाच फोटो कुणीतरी पुढे ढकलतो.

फोटोवर दोन बाण दिसले, तर तो किमान पाच हातांतून फिरून आलाय. ही खूण उगाच आलेली नाही. १ जुलै २०१८ ला आपल्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. देशभर अशा घटना होत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड अशी मर्यादा आणली. आपल्या बोटावर लागलेला तो ब्रेक पाच-पाच जीव गेल्यावर लागलाय, एवढं बाण दिसल्यावर आठवा.

आणि फोटो किंवा व्हिडिओ पैसे मागत असेल, म्हणजे कुणी मोठा माणूस गेमिंग अ‍ॅप, गुंतवणूक सांगत असेल, तर थांबाच. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरला स्वतः सांगावं लागलं होतं की गेमिंग अ‍ॅपच्या जाहिरातीतला तो मी नव्हेच. पैसे गेलेच असतील तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा.

शोधून, विचारून, सगळं करूनही कळलं नाही तर? तर लिहा, ‘अजून कळलं नाही.’ हे तीन शब्द लिहायला कमीपणा वाटतो, मला माहीत आहे. पण जे कळलं नाही ते पुढे पाठवायचं नाही, एवढं केलं तरी पुष्कळ. या आठवड्यात तुमच्या ग्रुपवर आलेला एक फोटो शोधून बघा. मूळ सापडला तर दोन्ही मला पाठवा, पुढच्या भागात त्यावरच बोलू. चला, भेटू. काळजी घ्या.